गाडीतला जळका वास : आधी नाक, मग पाना

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या गच्चीवर सभासदांसमोर केलेले भाषण)



मला बोलायला सांगितले तेव्हा तुम्हाला वाटले असेल, बँकेतून निवृत्त झालेला माणूस, म्हणजे हा ठेवी, व्याज आणि नॉमिनेशन यावर बोलणार. ते मी दर वार्षिक सभेत बोलतोच आणि तुम्ही ते ऐकून घेता, त्याबद्दल आभारी आहे. आज विषय वेगळा आहे. गाडीतून रबर जळल्यासारखा वास आला तर काय करायचे, एवढाच.

हा विषय सोसायटीच्या कार्यक्रमात कशाला, असे कुणी विचारेल. २५ वर्षांपूर्वी आपण राहायला आलो तेव्हा खाली पार्किंगमध्ये स्कूटर, लुना आणि सायकली जास्त. मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आज एका घरात दोन दोन गाड्या आहेत. दोन गाड्यांच्या मधून दुधाची पिशवी घेऊन जायचे तर अंग चोरून जावे लागते. त्याच पार्किंगमध्ये विजेचे मीटर आहेत, लिफ्ट आहे, जिना आहे, आणि छताच्या वर पहिल्या मजल्यावरच्या लोकांच्या झोपायच्या खोल्या आहेत. म्हणून खाली एका गाडीतून येणारा जळका वास ही त्या एकाच घराची भानगड राहत नाही.

आता वासाचे महत्त्व आमच्या वहिनी मंडळींना सांगायला नको. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मर्कॅप्टन नावाचे गंधकयुक्त द्रव्य मिसळतात. तो वास आला की घरातले लहान मूलसुद्धा ओरडते, ‘आई, गॅस!’ आणि आपण हातातले टाकून धावतो. रबरातही गंधक असते. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर या माणसाला गंधक घालून तापवलेले रबर चिवट होते, उन्हाळ्यात चिकट होत नाही, याचा शोध लागला. तेव्हापासून टायर, बेल्ट, होस पाइप यांच्या रबरात बहुतेक वेळा गंधक आले. म्हणून रबर जळाले की तो उग्र वास नाकात बसतो. गॅसचा वास मुद्दाम घातलेला आणि हा आपोआप आलेला, एवढाच फरक. काम दोघांचे एकच : सूचना देणे.

पण गाडीत हा वास आला की आपण काय करतो? काच खाली करतो. डॅशबोर्डवर अत्तराची बाटली लावतो. ‘पुढच्या गाडीचा असेल’ म्हणतो. बँकेत हिशेब जुळला नाही की फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकायची सोय असते. पण ती तात्पुरती. सस्पेन्स खाते वर्षानुवर्षे तसेच राहिले की ऑडिटर विचारतोच. गाडीतला वास हे असेच सस्पेन्स खाते आहे. तो कुठल्या खात्यातला, हे शोधून नोंद लावल्याशिवाय सोडायचे नाही.

शोधायचे कसे? गॅरेजला जाण्याआधी एका कागदावर चार प्रश्नांची उत्तरे लिहा. एक, वास केव्हा येतो : गाडी सुरू करताना, चढावर, उतारावर, की थांबल्यावर? दोन, कुठून येतो : बॉनेटमधून, चाकाजवळून, की आत डॅशबोर्डमधून? तीन, काय केल्यावर येतो : एसी लावल्यावर, क्लच दाबल्यावर, ब्रेक मारल्यावर? चार, बरोबर आणखी काय असते : आवाज, धूर, एखादा लाल दिवा, गाडी एका बाजूला ओढणे? एवढा कागद हातात असेल तर मिस्त्रीचे निम्मे काम झालेच म्हणून समजा.

आपल्याच सोसायटीतले उदाहरण देतो. ते कुटुंब समोरच बसले आहे. नाव न घेता सांगायची परवानगी त्यांनी दिली आहे. त्यांनी एक वापरलेली डिझेल गाडी घेतली. महिनाभरात रबर जळल्याचा वास सुरू झाला. एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथे गाडी चालवूनही न बघता सांगितले, क्लच प्लेट गेली. प्लेट बदलली, बिल पाच आकडी झाले. पंधरा दिवसांनी वास पुन्हा हजर. मालक वैतागून म्हणाले, ‘काका, गाडी विकूनच टाकतो.’ मी म्हटले, ‘विका, पण आधी माझ्या चार प्रश्नांची उत्तरे द्या.’

उत्तरात एक गोष्ट निघाली. दुपारी एसी लावून गाडी सिग्नलला न्यूट्रलमध्ये उभी असली, तरी वास येत होता. मंडळी, इथेच निम्मा उलगडा झाला. गाडी न्यूट्रलमध्ये उभी, क्लचवर पाय नाही, ब्रेकचे चाक फिरत नाही. मग क्लच किंवा ब्रेक जळेल कसा? शिवाय वहिनी म्हणाल्या, सकाळी गाडी सुरू केली की चिमणी ओरडल्यासारखा आवाज येतो. तो आवाज बेल्टचा.

आम्ही गाडी घेऊन शिवाजी उद्यमनगरला एका जुन्या मिस्त्रीकडे गेलो. उद्यमनगर म्हणजे ऑइल इंजिने आणि फाउंड्रीवर वाढलेला भाग. तिथल्या माणसाचे हात लोखंड ओळखतात. त्याने गाडी बंद केली, बेल्ट काढला आणि एकेक पुली नुसत्या हाताने फिरवून बघितली. अल्टरनेटरची पुली गुळगुळीत फिरली. एसीच्या कॉम्प्रेसरची पुली मात्र खरखर करत अडकत होती. बेल्टची आतली बाजू काचेसारखी चकचकीत झालेली, आजूबाजूला काळी भुकटी. मिस्त्री म्हणाला, ‘साहेब, बेल्ट जळालाय खरं दोष त्येचा न्हाई. पुली फिरंना झालीया, बेल्ट बिचारा घासून मरतोय.’

हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखे आहे. नुसता बेल्ट बदलला असता तर नवा बेल्टही जळाला असता. बेअरिंग आणि बेल्ट दोन्ही बदलले, खर्च क्लचच्या बिलाच्या पाव हिश्श्याइतकाही आला नाही, आणि वास गेला. मिस्त्रीचा अंदाज असा की गाडी कधीतरी पुराच्या पाण्यात उभी राहिली असावी. पाणी शिरले की बेअरिंगमधले ग्रीस जाते, गंज चढतो. २०१९ आणि २०२१ चा पंचगंगेचा पूर आपण पाहिला आहे. आपल्या शाहूपुरीतही कुंभार गल्लीसारख्या सखल भागात पाणी शिरले होते. वापरलेली गाडी घेताना सीटखालचे गालिचे उचलून चिखलाची रेघ आहे का, हे बघण्याचे हे एक कारण.

आणि बेल्ट म्हणजे किरकोळ वस्तू समजू नका. तो तुटला की बॅटरी चार्ज होणे थांबते आणि बॅटरीचा लाल दिवा लागतो. कित्येक गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर असतो, म्हणजे इंजिन तापते. जुन्या हायड्रॉलिक स्टिअरिंगच्या गाडीत स्टिअरिंग एकदम जड होते. हे वळणावर झाले तर काय होईल, ते सांगायला नको.

आता क्लचचा वास. हा रबरापेक्षा कागद किंवा पुठ्ठा जळल्यासारखा असतो, पण सर्रास लोक त्याला रबरच म्हणतात. चैत्रात जोतिबाला यात्रेच्या गर्दीत गाडी घेऊन गेलेल्यांना तो माहीत आहे. चढावर रांग, गाडी इंचाइंचाने पुढे, आणि आपण हाफ क्लचवर गाडी तोलून धरलेली. प्लेट घसरते, तापते, वास सुटतो. उपाय सोपा आहे. चढावर थांबलो की हॅन्डब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल करा, क्लचवरचा पाय काढा. पुढच्या गाडीने थोडी जागा सोडली की मगच निघा. एकदा वास आला म्हणून प्लेट गेली असे नाही. गाडी थंड करून सपाट रस्त्यावर बघा. वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, असे असेल तर प्लेट घसरतेय. तेव्हा खर्चाची तयारी ठेवा. पायाला सवय असेल तर तीही मोडा : गाडी चालताना क्लचवर पाय ठेवून बसायचे नाही.

तिसरा वास ब्रेकचा. आपण कोल्हापूरचे लोक नशीबवान. पश्चिमेला निघालो की दीड-दोन तासांत घाट. अंबा घाट, गगनबावड्याहून करूळ आणि भुईबावडा, राधानगरीच्या वाटेने फोंडा, आजऱ्याकडून आंबोली. सुट्टी लागली की आपल्या गाड्या कोकणात. उतरताना सगळा भार ब्रेकवर टाकला की पॅड आणि शू तापतात, उग्र वास येतो आणि चाकातून निळसर धूर निघतो. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक ऑइल उकळते. डॉट ३ प्रकारचे नवे ब्रेक ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण हे तेल हवेतला ओलावा शोषून घेते, आणि ओलावलेल्या तेलाचा उत्कलनबिंदू १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, पेडल स्पंजासारखे दबते आणि ब्रेक लागत नाही. म्हणून दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला. आपल्याकडच्या पावसात तर ते टाळूच नका.

एसटीचे जुने ड्रायव्हर एक नियम सांगायचे : घाट ज्या गिअरमध्ये चढावा लागतो, त्याच गिअरमध्ये उतरावा. इंजिनला गाडी धरू द्या, ब्रेक अधूनमधून मारा आणि सोडा. गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायचा विचारही करू नका. वास आलाच तर रुंद, सुरक्षित जागा बघून थांबा. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, अर्धा तास चहा घ्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका. तापलेल्या तव्यावर पाणी मारले की तवा वाकडा होतो, तसेच ते आहे.

घाट नसतानाही ब्रेकचा वास येत असेल तर एखादे चाक धरून राहिले आहे, किंवा हॅन्डब्रेक अर्धवट ओढलेला राहिला आहे. तपासायची युक्ती अशी. आठ-दहा किलोमीटर, शक्य तो कमी ब्रेक मारत गाडी चालवा. थांबल्यावर प्रत्येक चाकाजवळ हाताची मागची बाजू न्या, लावू नका. तीन चाके कोमट आणि एक भट्टीसारखे असेल तर गुन्हेगार सापडला. पावसाळ्यात गाडी आठ-दहा दिवस हॅन्डब्रेक ओढून उभी ठेवली की शू ड्रमला गंजून चिकटतात. आपले पार्किंग सपाट आहे. जास्त दिवस गावाला जाणार असाल तर गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला वीट लावा, हॅन्डब्रेक सोडून ठेवा.

चौथे, खुद्द टायर. मागे पाच माणसे आणि डिकीत आंब्याच्या पेट्या भरल्या की गाडी बसते आणि टायर आतल्या मडगार्डला घासतो. हवा कमी असलेला टायरही हायवेवर तापून वास मारतो. प्रवासाला निघण्यापूर्वी हवा भरा. वाकून चाकाच्या आत एकदा बॅटरीचा प्रकाश टाका. घासलेली जागा चमकताना दिसते.

पाचवे, तेल आणि पाणी. टपेट कव्हरचे पॅकिंग गेले की इंजिन ऑइल पाझरते, तापलेल्या सायलेन्सरवर ठिबकते आणि जळते. हा वास कढईत तेल करपल्यासारखा. सकाळी गाडी काढल्यावर खालच्या फरशीवर डाग बघा. एखादा जुना पुठ्ठा गाडीखाली रात्रभर ठेवा, म्हणजे गळती नेमकी कुठे ते कळते. कूलंट गळत असेल तर वास जळका नसतो, गोडसर असतो. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेल्या, गुळाच्या व्यापारावर वाढलेल्या पेठेत आपण राहतो. गुऱ्हाळावर रस उकळतानाचा वास आपल्याला कुणी शिकवायला नको. गाडीत तसा वास आला तर रेडिएटर बघा. मात्र इंजिन गार झाल्याशिवाय त्याचे झाकण उघडू नका.

सहावे, आणि पार्किंगच्या दृष्टीने सर्वांत गंभीर, म्हणजे वायरिंग. हा वास रबरापेक्षा प्लॅस्टिक जळल्यासारखा असतो आणि नाकात झोंबतो. बहुधा डॅशबोर्डमधून येतो. कारणे दोन. पहिले, बाहेरून बसवलेल्या वस्तू. मोठा हॉर्न, जादा दिवे, म्युझिक सिस्टीम. मूळ वायर कापून जोड दिला की कंपनीची वॉरंटी जाऊ शकते आणि जोड तापतो. फ्यूज सारखा उडतो म्हणून मोठ्या अँपिअरचा फ्यूज घालणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपेची गोळी देणे. दुसरे कारण उंदीर. पावसाळ्यात ऊब शोधत ते बॉनेटमध्ये शिरतात, चिंध्या आणि सुका पाला आणून घर करतात, वायरी कुरतडतात. ते घर सायलेन्सरजवळ असेल तर नुसता वास नाही, आगही लागू शकते. काही जण निपाणी भागातली तंबाखूची पाने ठेवतात, काही डांबराच्या गोळ्या. ठेवा. पण आठवड्यातून एकदा बॉनेट उघडण्याला पर्याय नाही. आणि पार्किंगच्या कोपऱ्यात फरसाणाच्या पिशव्या टाकणे बंद केले तर उंदीर यायचे कारणच राहणार नाही.

विजेवर चालणाऱ्या गाड्या आणि स्कूटरही आता आल्यात. चार्ज करताना प्लगजवळ जळका वास आला, पिन तपकिरी झाली, तर लगेच मेन स्विच बंद करा. घरातल्या टेबल फॅनची एक्स्टेंशन वायर चार्जिंगला लावू नका.

प्रत्येक वास घाबरण्याचा नसतो, हेही सांगतो. नवे ब्रेक पॅड किंवा क्लच बसवल्यावर थोडे दिवस वास येतो. सायलेन्सरला प्लॅस्टिकची पिशवी चिकटली, उन्हाळ्यात नवे डांबर लागले, तरी येतो. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ डिझेल गाड्यांत साठलेली काजळी जाळून टाकणारा फिल्टर असतो, तो काम करताना गरम वास येतो. पण अशा वेळी किंवा लांबच्या प्रवासानंतर, शेतावर गाडी उसाच्या वाळलेल्या पाचटावर उभी करू नका. सायलेन्सर खालून तापलेला असतो.

धूर दिसलाच तर? गाडी बाजूला घ्या, चावी बंद करा, सर्वांना उतरवा, मुले आणि म्हाताऱ्यांना आधी. सामानासाठी परत जाऊ नका. बॉनेटमधून धूर येत असेल तर बॉनेट पूर्ण उघडू नका, हवा मिळाली की आग भडकते. शंभर फूट लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला उभे राहा. ११२ किंवा अग्निशमनासाठी १०१ लावा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३. हे नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू द्यात.

पैशाचेही एक वाक्य बोलतो, नाहीतर मी बँकेत होतो हे तुम्हाला पटणार नाही. नेहमीच्या मोटार विम्यात झीज आणि यांत्रिक किंवा विजेचा बिघाड धरलेला नसतो. वास अंगावर काढून मोठा बिघाड झाला तर खर्च आपल्याच खिशातून. वेळेवर बदललेला बेल्ट सगळ्यात स्वस्त पडतो.

आता सभासद म्हणून तीन विनंत्या. पहिली, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सर्वांनी पार्किंगमध्ये गाडीचे बॉनेट उघडून बघावे. मी खाली खुर्ची टाकून बसेन, चहा आमच्याकडून. मुलांनीही यावे, बेल्ट कुठला आणि पुली कुठली ते बघावे. दुसरी, पार्किंगमध्ये एबीसी पावडरचे दोन अग्निशामक आणि ते चालवायचे प्रात्यक्षिक, याचा ठराव येत्या सभेत घ्यावा.

तिसरी विनंती जास्त महत्त्वाची. दुसऱ्याच्या गाडीतून वास आला तर सांगा. आपल्याकडे एक संकोच असतो. ‘आपण कशाला बोला? त्यांना वाटेल, यांना आमची गाडी खुपते.’ गेल्या २५ वर्षांत पार्किंगच्या जागेवरून आपल्यात थोडी बोलाचाली झाली आहे. काही घरांत अजूनही जेवढ्यास तेवढे बोलणे आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. पण गॅसचा वास आला तर अबोला धरलेल्या शेजाऱ्याचेही दार आपण वाजवतोच ना? तसेच बेल दाबा. रात्री अकरा वाजले असले तरी दाबा. आणि ज्याच्या दाराची बेल वाजेल त्याने कपाळाला आठ्या न घालता चावी घेऊन खाली यावे.

 प्रश्न असतील तर आता विचारा, आणि गाडी दाखवायची असेल तर जेवण झाल्यावर खाली भेटू.